यादीतून खोडलेली नावं

सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एक लांबलचक ओळ असते. कोलनने जोडलेली नावं आणि मधेमधे उद्गारचिन्हं. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी कोणत्या कूटपद्धतीने बोलणार, हे ही सायफरची ओळ ठरवते. ज्या नावाआधी उद्गारचिन्ह, ते हद्दपार. तीस वर्षांचा हिशेब मांडायचा तर आधी ही उद्गारचिन्हंच वाचावीत.

१९९५मध्ये नेटस्केपने या बोलण्याचे नियम ठरवणारं एसएसएल २.० आणलं, तेव्हा भक्कम कूटलेखन अमेरिकेच्या लेखी युद्धसामग्री होतं. परदेशी जाणाऱ्या ब्राउझरला ४० बिटांचीच किल्ली मिळे. फ्रान्समधल्या दामियां दोलिजे यांनी त्याच वर्षी ती सुमारे आठ दिवसांत शोधून दाखवली. २०००मध्ये निर्यातीचे नियम सैल झाले, पण ‘एक्स्पोर्ट’ सायफर सॉफ्टवेअरमध्ये तसेच पडून राहिले. वापरत तर कोणी नाही, मग काढायची घाई कशाला?

पुढचं दशक तुलनेने शांत गेलं. २००१मध्ये एईएस हा सायफर प्रमाण ठरला, २००८मध्ये एसएसएलचा वारसा चालवणाऱ्या टीएलएसची १.२ ही आवृत्ती आली. सर्व्हर मात्र बहुतेक टीएलएस १.०वरच रेंगाळले. २०११मध्ये ‘बीस्ट’ हल्ल्याने त्यातल्या सीबीसी पद्धतीचं दुखणं उघडं पाडलं. तेव्हा जाणकारांचा सल्ला होता, आरसी४ हा दुसरा सायफर यादीत वर घ्या. लोकांनी घेतलं. २०१३मध्ये आरसी४चेच दोष इतके ठळक झाले की २०१५च्या फेब्रुवारीत टीएलएसमध्ये त्याला बंदीच आली. काल औषध म्हणून दिलेलं आज विष ठरलं.

२०१४चं ‘हार्टब्लीड’ हा सायफरचा दोष नव्हता, सर्व्हरची खासगी किल्लीही गळू शकेल अशी ओपनएसएसएल या लायब्ररीच्या कोडमधली चूक होती. तरी धडा सायफरच्या यादीलाच मिळाला. आरएसए पद्धतीने किल्लीची जी जुनी देवाणघेवाण होई, तीत सर्व्हरची खासगी किल्ली चोरीला गेली, तर पूर्वी टिपून ठेवलेलं सगळं संभाषण उलगडतं. ईसीडीएचई या देवाणघेवाणीच्या पद्धतीत प्रत्येक जोडणीला नवी तात्पुरती किल्ली तयार होते आणि काम झालं की टाकून दिली जाते. ती नावं मग यादीच्या डोक्यावर जाऊन बसली.

आणि २०१५च्या मार्चमध्ये ‘फ्रीक’ आलं. मधे बसलेला हल्लेखोर सर्व्हरकडे मुद्दाम तो जुना एक्स्पोर्ट सायफर मागे, सर्व्हर निमूटपणे ५१२ बिटांची कमकुवत आरएसए किल्ली काढून देई आणि चुकीचा कोड असलेला ब्राउझर ती स्वीकारे. भाड्याच्या संगणकांवर ती काही तासांत फुटे. मे महिन्यात ‘लॉगजॅम’ने तशीच गत डिफी-हेलमन या किल्लीच्या देवाणघेवाणीच्या दुसऱ्या पद्धतीची केली. अडगळीतल्या कुलपाने घर उघडलं.

ही नावं वेळीच का खोडली नाहीत? निव्वळ आळस म्हणता येणार नाही. विंडोज एक्स्पीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला एईएस येतच नव्हतं. आरसी४ काढल्यावर त्याला ट्रिपल डीईएस या जुन्या सायफरचाच आधार. शेवटचा ग्राहक तुटू नये म्हणून सगळ्यांसाठी दार किलकिलं ठेवलं गेलं. २०१६मध्ये ‘स्वीट३२’ने ट्रिपल डीईएसचे ६४ बिटांचे ठोकळे अपुरे असल्याचं दाखवलं, तेव्हा तोही आधार गेला.

खरी शहाणीव २०१८च्या ऑगस्टमध्ये दिसली. टीएलएस १.३ने शेकडो जोड्यांचा पसारा आवरून पाचच सायफर सूट ठेवले. आरएसएची ती जुनी देवाणघेवाण, सीबीसी, आरसी४ यांना तिथे जागाच नाही. २०२१मध्ये टीएलएस १.० आणि १.१ अधिकृतपणे मोडीत निघाले. २०२४मध्ये क्वांटम संगणकाला पुरून उरावी अशी किल्ली ठरवण्याची एमएल-केईएम पद्धत प्रमाण झाली. म्हणजे ईसीडीएचईच्या एकहाती राज्याचेही दिवस भरत आले.

या प्रवासात नवं कुलूप शोधायला फारसा वेळ लागला नाही. वेळ लागला तो जुनं काढायला. तेव्हा आपल्या सर्व्हरवरची ती ओळ आज एकदा उघडून पाहा. तिच्यात जे जुनं नाव चालू दिसेल, ते कुणासाठी ठेवलंय याचं उत्तर देता येत नसेल, तर खोडून टाका.