कृत्रिम मनोरा वारा कसा सांगतो?

जमिनीवर बसूनच विमान चालविण्याचा अभ्यास करतां यावा म्हणून अमेरिकेंतील एडविन लिंक यानें १९२९ सालीं एक यंत्र तयार केलें. त्याच्या घरचा धंदा ऑर्गन बनविण्याचा होता. त्याच वाद्यांतील भात्यांच्या साहाय्यानें त्यानें तें यंत्र डोलविलें. आज तें काम संगणक करतो, व त्या साधनास फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. त्यांत खरें विमान नसतें, खरा वारा नसतो; आणि पुष्कळदां वाऱ्याची वर्दी देणारा मनोऱ्यावरील अधिकारीहि मनुष्य नसून संगणकाचा आवाज असतो. तो आवाज जें सांगतो त्याचा अर्थ काय, हें येथें पाहावयाचें आहे.

विमान शक्य तों वाऱ्याच्या समोर उतरवितात. हवेंत ६० नॉट वेगानें येणारें विमान १५ नॉटांच्या समोरच्या वाऱ्यांत जमिनीस ४५ नॉट वेगानेंच टेकतें. एक नॉट म्हणजे ताशीं १.८५२ किलोमीटर. मनोऱ्यानें “वारा दोन सात शून्य, एक शून्य नॉट” असें म्हटलें, तर वारा २७० अंशांकडून, म्हणजे पश्चिमेकडून, १० नॉट वेगानें येत आहे असें समजावें. आपण नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणतों तेहि नैर्ऋत्येकडून येणारे. तीच ही पद्धत होय.

परंतु हे अंश कोणत्या उत्तरेपासून मोजावयाचे? नकाशाची उत्तर एक, होकायंत्राची दुसरी. हवामानाच्या लेखी अहवालांत खरी उत्तर धरतात; मनोरा तोंडी सांगतो तेव्हां बहुधा होकायंत्राची. कारण धांवपट्ट्यांचे अंकहि होकायंत्रावरूनच दिलेले असतात. मुंबईस या दोहोंतील अंतर एक अंशाहूनहि कमी असल्यामुळें कांहीं बिघडत नाहीं. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें मात्र होकायंत्राची उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारें १५ अंश पूर्वेस आहे. तेथील मुख्य विमानतळाच्या धांवपट्ट्या नकाशावर सरळ दक्षिणोत्तर आहेत, तरी दक्षिणेकडे तोंड केलेल्या धांवपट्टीचा अंक १८ नसून १६ आहे.

आतां समजा, लेखी अहवालांत वारा १८० अंश, २० नॉट असा आहे. सिम्युलेटर बहुधा असाच अहवाल घेऊन आपलें हवामान रचतो. कृत्रिम मनोऱ्यानें १८० मधून १५ वजा करून सुमारें १६५ सांगितले, तर वारा धांवपट्टीच्या समोरून येतो हें वैमानिकास बरोबर कळतें. वजाबाकी न करितां त्यानें १८० च सांगितले, तर सुमारें ५ नॉटांचा आडवा वारा आहे असें भासतें, व नसलेल्या वाऱ्याशीं झगडण्याची तयारी होते.

दुसरी गोष्ट स्थलकालाची. खऱ्या विमानतळावर वारा धांवपट्टीजवळ सुमारें १० मीटर उंचीवर मोजतात, आणि मनोरा मागील दोन मिनिटांची सरासरी सांगतो. सिम्युलेटरांत वायुमापक नसतो; केवळ आंकडा असतो, व तो ज्या अहवालांतून घेतला तो कधीं अर्धा-एक तास जुना असतो. शिवाय तो जमिनीलगतचा वारा. घर्षण कमी असल्यामुळें उंचावर वारा बहुधा अधिक जोराचा असतो, व त्याची दिशाहि बदललेली असते. म्हणून तीन हजार फुटांवर विमानांतील यंत्र निराळा वारा दाखवूं लागलें, तर मनोरा खोटें बोलतो असें लगेच समजूं नये.

ज्या विद्यार्थ्यांस सिम्युलेटर मिळेल त्यांनीं सिअ‍ॅटलच्या धांवपट्टीवर विमान उभें करून, १८० अंशांचा वारा स्वतः ठरवून द्यावा, मनोऱ्याची वर्दी ऐकावी व वातदर्शक पिशवीकडे पाहावें. येथें चुकल्यास कोणास इजा होत नाहीं; पण येथें लागलेली संवय पुढें खऱ्या विमानांतहि जाते. यास्तव वाऱ्याचा आंकडा ऐकतांच तो कोणत्या उत्तरेपासून, कोठें आणि केव्हां मोजला, हे तीन प्रश्न विचारण्याची संवय आरंभापासूनच लावून घ्यावी.