बॅक टू चर्च संडे

बॅक टू चर्च संडे (अर्थ: चर्चकडे परतण्याचा रविवार) हा चर्चच्या सभासदांनी परिचितांना रविवारच्या उपासनेस आमंत्रित करण्याचा उपक्रम आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या मँचेस्टर धर्मप्रांतात २००४ मध्ये त्याचा प्रारंभ झाला. पुढे तो अन्य ख्रिस्ती पंथांत, तसेच ऑस्ट्रेलिया, न्यू झीलंड इत्यादी देशांत पसरला. तो सामान्यतः सप्टेंबर महिन्यात पाळला जातो.

स्वरूप

जाहिरातीपेक्षा वैयक्तिक आमंत्रणावर या उपक्रमाचा भर असतो. पूर्वी चर्चमध्ये जाणारे, परंतु कालांतराने दुरावलेले नातेवाईक, शेजारी व सहकारी यांना सभासद बोलावतात आणि शक्यतो स्वतः सोबत घेऊन येतात. उपासनेत केव्हा उभे राहावे, प्रतिसाद केव्हा द्यावा, याविषयी नवागतास वाटणारा संकोच त्यामुळे कमी होतो.

नकाराच्या भीतीने अनेक सभासद आमंत्रणच देत नाहीत. म्हणून आमंत्रण देणे हेच यश मानावे, त्याचा स्वीकार होणे नव्हे, अशी भूमिका या उपक्रमाचे प्रवर्तक मायकेल हार्वी यांनी मांडली.

विस्तार

एका रविवारी आलेली व्यक्ती पुन्हा येईलच असे नाही. त्यामुळे सप्टेंबरपासून नाताळापर्यंत वेळोवेळी आमंत्रणे देण्याची ‘सीझन ऑफ इन्व्हिटेशन’ ही योजना पुढे आली.