सोऱ्या एकीचा, कुरडया चौघींच्या

चैत्र सरत आला की खर्डीत अंगणाअंगणांत खाटा पडतात आणि त्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळू लागतात. मोठं पातेलं एकीचं, सोऱ्या दुसरीचा. आणि चीक नेमका कधी उतरवायचा हे सांगणाऱ्या तिसरीच्या सासूबाई. त्यांच्या हाताखाली एकाच दुपारी चार घरच्या नव्या सुना शिकून जातात. प्रत्येक घरानं वेगळा सोऱ्या घ्यायचा, वेगळी जाणती बाई शोधायची म्हटलं, तर कुरडई सोन्याच्या भावानं पडेल!

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? पण मैत्रिणींनो, आपल्याला अंगणात सहज सुचतं ते कारखानदारांना सुचायला फार वेळ लागतो.

आमच्या शेजारणीचा मुलगा आय.टी.आय. पास झाला आणि एका छोट्या वर्कशॉपात लागला. पहाटेची लोकल, हातात डबा. सात महिने झाले तरी पोरगा लेथखालचा कीस झाडतोय आणि चहा आणतोय! आई बिचारी म्हणायची, "शिकतोय हळूहळू." मालक काही दुष्ट नव्हता. मशिनं दोनच, शिकवायला वेगळा माणूस नाही, आणि ऑर्डर थांबवून शिकवायचं तर पोट कसं भरायचं?

अशा छोट्या मालकासाठी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातच वाट ठेवलेली आहे. अनेक मालक एकत्र येऊन, स्वतः किंवा मान्यता मिळालेल्या संस्थेमार्फत, आपापल्या उमेदवारांना शिकवू शकतात. म्हणजे एकाकडे लेथ, दुसऱ्याकडे मिलिंग मशिन, तिसऱ्याकडे जाणता मिस्त्री. मुलगा तिन्हीकडे शिकणार आणि खर्च तिघांत वाटला जाणार. २०१९ पासून चार कामगारांचं वर्कशॉपसुद्धा शिकाऊ उमेदवार घेऊ शकतं. तीस किंवा अधिक माणसं असली तर घ्यावेच लागतात. २०१६ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकारनं उचलायचं ठरलं.

कल्पना तशी जुनीच. मुंबईत १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तिला गिरणीमालक सर दिनशॉ पेटिट यांचा हातभार होता. तिथे शिकलेला माणूस कुठल्याही गिरणीच्या उपयोगी पडे. तीच संस्था पुढे माटुंग्याला गेली आणि आज वीरमाता जिजाबाईंच्या नावानं ओळखली जाते.

मग सगळेच मालक असं का करत नाहीत? कारण तेच, जे आपल्याही मनात असतं. कामाच्या बाईला मेहनतीनं पुरणपोळी शिकवावी आणि पुढच्या महिन्यात शेजारणीनं वीस रुपये जास्त देऊन तिला पळवावी! "मी शिकवायचं आणि फायदा दुसऱ्याचा," ही भीती खोटी नाही. पण शिकवण्याचा खर्चच चौघांनी वाटून घेतला, तर कुणा एकाचं फारसं बुडत नाही. उद्या तो मुलगा शेजारच्या कारखान्यात गेला, तर तिथे तयार झालेला दुसरा आपल्याकडे येईल. न शिकवण्यातच खरा तोटा. मग सगळ्यांनाच अडाणी हात मिळतात, आणि मशिनवर अडाणी हात म्हणजे कधी बोट गमावण्याचीही पाळी.

तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी उमेदवारीला लागत असेल, तर लाजू नका, चार गोष्टी विचारा. उमेदवारीचा करार रीतसर नोंदवला आहे का? मूल अठरा वर्षांच्या आत असेल तर करारावर पालकाची सही लागते, तेव्हा वाचल्याशिवाय सही करू नका. विद्यावेतन किती आणि कधी मिळणार? शिकवणार कोण आणि कोणत्या मशिनवर? एखादं मशिन इथे नसेल, तर ते दुसरीकडे शिकवायची सोय आहे का? आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळणार ना?

शेजारणीनं अखेर मालकाला हेच विचारलं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पलीकडच्या शेडमध्ये मिलिंग मशिन आहे खरं. बोलतो त्यांच्याशी."

सोऱ्या मागायला गेलं, की शेजारीण सहसा नाही म्हणत नाही. विचारायला मात्र कुणीतरी जावं लागतं.