जॉयस्टिक-पोर्ट: आकार एक, अर्थ अनेक

बाह्य आकारावरून अंतरंगाचा निर्णय करूं नये, हा नियम माणसांच्या बाबतींत आपण पाळतों; यंत्रांच्या बाबतींत मात्र हटकून विसरतों. ज्या भोकांत जी खुंटी बसेल ती तेथलीच, असा आपला सरळ हिशेब असतो. परदेशांतून काकांनीं वा मामांनीं आणलेला १९८० च्या दशकांतील घरगुती संगणक माळ्यावरून काढून मुलांस दाखविण्याचा बेत ज्यांच्या घरीं असेल, त्यांनीं हा हिशेब प्रथम बाजूस ठेवावा.

अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७७ सालीं आपलें खेळयंत्र बाजारांत आणलें, तेव्हां जॉयस्टिकसाठीं नऊ पिनांचा, इंग्रजी डी अक्षरासारखा पोर्ट योजला. पिन क्र. १ ते ४ या अनुक्रमें वर, खालीं, डावीकडे व उजवीकडे या दिशांच्या. ६ ही गोळी झाडण्याच्या कळीची. ७ वर पांच व्होल्टांचा पुरवठा. ८ ही सर्वांची सामाईक, म्हणजे 'ग्राउंड'. काठी कलली कीं त्या दिशेची पिन आठवीस जोडली जाते, एवढेंच काय तें रहस्य. ५ व ९ या पिना गोल फिरवावयाच्या 'पॅडल'साठीं. १९८२ च्या कमोडोर ६४ नें हीच मांडणी स्वीकारली.

पुढें इतरांनीं आकार तोच घेतला, पण अर्थ आपापला लावला. १९८३ सालच्या एमएसएक्स पद्धतींत पांच व्होल्ट ५ वर आले, ग्राउंड ९ वर गेलें आणि ७ ही दुसऱ्या कळीची पिन झाली. १९८४ च्या ॲम्स्ट्रॅड सीपीसींतही ७ वर कळच आहे. १९८६ च्या स्पेक्ट्रम प्लस-टूनें तर सारीच उलथापालथ केली. त्यांत अटारी पद्धतीची काठी लावून उजवीकडे कलवावी तर गोळी सुटते, आणि कळ दाबावी तर खेळांतला गडी उजवीकडे चालूं लागतो!

हा झाला विनोद. पण पुढची गोष्ट विनोदाची नव्हे. एमएसएक्स किंवा सीपीसीची दोन कळींची काठी कमोडोरला लावली, आणि सातव्या पिनेची कळ दाबली, तर ७ व ८ या पिना एकमेकींस भिडतात. म्हणजे पांच व्होल्टांचा पुरवठा थेट ग्राउंडला मिळून शॉर्टसर्किट होतें. कमोडोरच्या या पोर्टाच्या दिशांच्या पिना सरळ ६५२६ या चिपेपर्यंत गेलेल्या आहेत. ती चिप आतां कोणी बनवीत नाहीं. म्हणून उघड्या पिनांस बोटही लावूं नये. अंगावरील स्थिर विद्युत् तिचा घात करण्यास पुरेशी होते.

मग ओळखावें कसें? प्रथम संगणकाचें नांव व पुस्तिका पाहावी. पांच पिनांची ओळ वर धरून संगणकाच्या पोर्टाकडे पाहिलें असतां वरच्या ओळींत डावीकडून १ ते ५ व खालच्या ओळींत ६ ते ९ असे क्रमांक येतात. काठीच्या तारेवरील जोडणींत तेच उजवीकडून मोजावे. मल्टिमीटरनें, काठी संगणकास न जोडतांच, कोणती हालचाल कोणत्या दोन पिना जोडते तें टिपून घ्यावें. हा कागद व पुस्तिकेंतील तक्ता जुळले तरच, आणि संगणक बंद असतांनाच, काठी लावावी.

न जुळल्यास मधली तार करतां येते. अटारीची साधी काठी प्लस-टूला लावण्यास काठीची १ पोर्टाच्या ५ ला, २ ही ९ ला, ३ ही ७ ला, ४ ही ६ ला, ६ ही ४ ला आणि ८ ही ८ लाच जोडावी.

आपल्याकडे १९८४ सालीं सुरू झालेल्या 'क्लास' योजनेंतून शाळांत गेलेल्या बीबीसी मायक्रोचा पोर्ट पंधरा पिनांचा. तो काठीच्या कलण्याप्रमाणें बदलणारा व्होल्टेज मोजतो. तेथें नऊ पिनांच्या काठीचें कामच नाहीं.

अर्ध्या तासाची ही तपासणी मुलांस शेजारीं बसवूनच करावी. खेळ तर त्यांना मिळेलच. शिवाय जोडण्यापूर्वीं पारखावें, ही संवयही लागेल.