आगीचे नियम : पागेचे आणि भोसरीचे

चिपळुणाजवळ छावणी करून राहिलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकाच्या सुमारास पाठविलेलें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहे. राजवाडे यांच्या 'साधनां'च्या आठव्या खंडांत तें छापलेलें असून, रयतेस उपद्रव देऊं नये, लागेल तो जिन्नस बाजारांतून विकत घ्यावा, या भागाकरितां त्याचा उल्लेख वारंवार होतो. उत्तरार्धाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तो उत्तरार्ध म्हणजे निव्वळ आगीचा नियम आहे.

गवताच्या गंजींजवळ कोणी चूल मांडील, कोणी चिलमीसाठीं विस्तव नेईल, वाऱ्याकडे पाहणार नाहीं. एका खणास आग लागली कीं सारे खण जळतील, असें पत्रांत बजाविलें आहे. रात्रीं दिवा जळत ठेवूं नये, कारण उंदीर येऊन पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत लिहिणाराची दृष्टि गेली आहे. पुढें असेंही म्हटलें आहे कीं, मग कोणास कितीही शिक्षा केली तरी एका खणापुरतें लांकूड मिळणार नाहीं. म्हणून वडील माणसांनीं स्वतः फिरून पाहावें. विस्तव कोठून येईल, पेटेल काय, एकापासून दुसऱ्याकडे जाईल कसा, आणि पाहणारा कोण, या चारही गोष्टी पत्रांत आल्या आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'तही दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा आणि दारू वरचेवर बाहेर काढून वाळवावी, असा दंडक आहे. म्हणजे जळणारी वस्तु व निजणारा माणूस यांत अंतर ठेवणें ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हे.

हीं पत्रें पुन्हां काढून वाचावींशीं वाटलीं तीं भोसरी व तिच्या शेजारच्या गांवांत घडलेल्या गोष्टींमुळें. भोसरीलगतच्या चिखलींत, पूर्णानगर भागांत, ३० ऑगस्ट २०२३ रोजीं पहांटे एका दुकानास आग लागली आणि दुकानांतच राहणारें चार जणांचें कुटुंब दगावलें. त्याच वर्षीं ८ डिसेंबर रोजीं तळवड्यास, वाढदिवसाला लावावयाच्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्यांत आग लागून सहा जण त्याच दिवशीं गेले. जखमींपैकीं आणखी कांहीं पुढें मरण पावले. पूर्णानगरास माणसें मालाच्या सोबतीला निजत होतीं, तळवड्यास दारूपाशीं बसून कामें करीत होतीं. पागेच्या पत्रांतील गवत आणि विस्तव हींच, केवळ रूपें बदललीं.

आजचा नियम निराळ्या मापानें चालतो. भारतीय मानक संस्थेनें १९७० सालीं राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या १९८३, २००५ व २०१६ सालीं निघाल्या. तिच्या चौथ्या भागांत आगीचा विचार असून १५ मीटर व त्यावरील उंचीची इमारत ती उंच समजते. महाराष्ट्रांत या संहितेस बळ आलें तें 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमा'नें. तिथिनिश्चयाची हौस असणारांस या अधिनियमांत चांगली करमणूक आहे: त्याच्या नांवांत २००६, अनुक्रमांक २००७ चा तिसरा, अंमल ६ डिसेंबर २००८ पासून आणि त्याखालील नियम २००९ चे. इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यानें आगीचीं साधनें चालू स्थितींत राखावीं व परवानाधारक संस्थेचा तसा दाखला दर वर्षीं जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावा, असें त्यांत आहे. पत्रांतील वडील माणसाची फेरी येथें सहामाही कागद झाली. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु कागद नकाशावर दाखविलेल्या इमारतीचा असतो. दुकानाच्या पोटमाळ्यावर अंथरूण पडलें म्हणजे तें नकाशांत येत नाहीं, उंचीच्या मापांत तर नाहींच. पूर्णानगरच्या आगीनंतर महानगरपालिकेनें व्यापारी व औद्योगिक जागांची पाहणी हातीं घेतली, ती याच उणिवेपोटीं, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

भोसरीचा प्रश्न यापेक्षां गुंतागुंतीचा आहे. एकाच गांवच्या हद्दींत तीन प्रकारचे नियम नांदले. १९७० सालीं भोसरी, पिंपरी, चिंचवड व आकुर्डी हीं गांवें मिळून नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं तिची महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या भूखंडांवर १९६२ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाचा स्वतंत्र अधिकार. आणि १९७२ सालीं निघालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानें आंखलेल्या पेठांत २०२१ पर्यंत त्याचें चाललें. २ डिसेंबर २०२० रोजीं शासनानें मुंबई वगैरे कांहीं क्षेत्रें वगळून राज्यास एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली, तेव्हांही औद्योगिक महामंडळाचें क्षेत्र तींतून वगळलें गेलें. रस्त्याच्या एका बाजूस एक नियम, दुसऱ्या बाजूस दुसरा. ठिणगीस मात्र हद्द ठाऊक नसते.

संग्राहकांस येथें एक गोष्ट सांगावयाची आहे. नवी नियमावली आली कीं जुनीच्या प्रती रद्दींत जातात. पण १९७५ सालचा जिना १९७५ च्या नियमानें बांधलेला असतो. सामासिक अंतर किती सोडलें, पोटमाळ्यास परवानगी होती कीं तो मागून चढविला, हें त्या सालच्या नियमाशीं ताडल्यावांचून ठरत नाहीं. आग लागल्यावर चौकशींत हाच प्रश्न प्रथम निघतो, आणि तेव्हां जुनी प्रत सांपडत नाहीं. मोडी रुमालांइतका मान या कागदांस कोणी देत नाहीं हें खरें. तरी १९७० पूर्वींच्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वह्या, शिक्क्यासह मंजूर नकाशे, भोगवट्याचे दाखले, भूखंडाच्या भाडेपट्ट्यास जोडलेले आराखडे, हे ज्यांस मिळतील त्यांनीं सालवार लावून ठेवावे. नियमावलीच्या प्रतीवर ती कोणत्या तारखेस रद्द झाली तेंही टिपावें.

प्रस्तुत लेखकास भोसरींत रद्दीच्या एका दुकानांत असा एक निळा नकाशा मिळाला. खालीं दुकान, मागें न्हाणी, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर 'साठवण' असा शब्द हातानें लिहिलेला असून, तेथें जाण्यास जिना दाखविलेला नाहीं. केवळ शिडीची खूण आहे. मंजुरीच्या शिक्क्याचा कोपरा फाटून गेल्यामुळें साल लागत नाहीं.