तेल गळते? आधी पॅकिंग पाहा!



आमच्यापैकी एकाच्या घरी वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. निपाणीहून बेळगावला येताना तवंदी घाटात तिचा तेलाचा लाल दिवा लागला. लगेच इंजिन बंद केले म्हणून बेअरिंगे वाचली. खाली वाकून पाहिले तर ऑईल चेंबर तेलाने माखलेला. दोनच दिवसांपूर्वी त्याचे बोल्ट करकचून आवळून घेतले होते, तरी ही गत! की आवळल्यामुळेच ही गत?

इंजिनाचे दोन भाग जोडताना मध्ये जो मऊ थर घालतात त्याला इंग्रजीत गॅस्केट आणि गॅरेजमध्ये पॅकिंग म्हणतात. धातू कितीही सपाट दिसला तरी त्यावर बारीक खाचखळगे असतात. ते भरून काढणे हे पॅकिंगचे काम.

टॅपेट कव्हर आणि ऑईल चेंबर पत्र्याचे असतात. तेथे जाड आणि दबणारे पॅकिंग हवे. जुन्या गाड्यांत ते बुचाचे, म्हणजे कॉर्कचे असे. कॉर्क ही ओक जातीच्या एका झाडाची साल. ती वाळली की आकसते आणि चिरते. म्हणून रबरमिश्रित कॉर्क अधिक टिकाऊ. मशीनवर सपाट केलेल्या जोडांना तेल सोसणारा पॅकिंगचा कागद पुरतो. हेडचे पॅकिंग मात्र वेगळेच. त्याला जळत्या वायूचा दाब सोसायचा असतो, तेथे कॉर्क किंवा कागद चालत नाही.

आता आवळण्याविषयी. बोल्ट फार आवळला की कॉर्क पिळून बाहेर येतो, पत्र्याचे भोक वर उचलते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. आमच्या गाडीत हेच झाले होते. उद्यमबागेतल्या एका कारागिराने चेंबर सपाट लोखंडावर ठेवून, हलक्या हातोडीने भोकांच्या कडा सरळ केल्या. मग नवे पॅकिंग घालून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले. गळती थांबली.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. इंजिनाची श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, तुंबली असेल तर आतला दाब चांगल्या पॅकिंगमधूनही तेल ढकलतो. ती आधी साफ करा. सिलिकॉनची पेस्ट भरमसाट लावू नका, तिचे तुकडे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात. जुन्या काही पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून जुने पॅकिंग कोरडे खरवडू नका, फुंकूही नका. ते काम मोठ्यांनाच करू द्या.

सायकलच्या ट्यूबचे पॅकिंग कापणारेही आम्ही पाहिले आहेत. ते का चालत नाही, हे स्वतःच तपासा. ट्यूबची एक पट्टी आणि तेलासाठीच्या नायट्राईल रबराची एक पट्टी मोजून इंजिन ऑईलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा. नंतर पुन्हा मोजा. कोणती फुगली, कोणती मऊ पडली, ते वहीत लिहा आणि विज्ञानाच्या तासाला दाखवा.

पद्मिनीचे उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षे झाली. तिचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. पॅकिंग मात्र कापून घेता येते. फक्त जागा ओळखून निवडायला हवे.