गोल पाच, टिंब शून्य आणि मिस्टर बातील

माहीत आहे का? दुबईत कुणी तुमच्या हातावर एक गोल आणि पुढे दोन टिंबं छापलेली नोट ठेवली, तर नाक मुरडू नका. ती चक्क ५०० दिरहमची आहे! आखाती अरबीत आपल्या शून्यासारखा दिसणारा गोल म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. मराठी डोळ्यांनी इन्व्हॉइस वाचलंत तर पाचाचं शून्य झालंच म्हणून समजा. वर कहर असा की युरोपवाले ज्यांना ‘अरबी आकडे’ म्हणतात ते वेगळेच. खुद्द अरब आपल्या आकड्यांना ‘हिंदी’ म्हणतात.

अरबी उजवीकडून डावीकडे धावते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याच ओळीतले आकडे डावीकडून उजवीकडे जातात! टाइप करताना कर्सर मध्येच कोलांटी मारतो, डिझायनर डोकं धरतो. अ‍ॅपमधला ‘बॅक’चा बाण फिरवायचा, प्रोग्रेस बार फिरवायचा, पण व्हिडिओचं प्ले बटण? त्याला हात लावायचा नाही! ब्रोशर असेल तर बाइंडिंग उजवीकडे. आपलं मागचं कव्हर ते त्यांचं पुढचं.

आता जरा पाटलांकडे वळू. प्रमाण अरबीत ‘प’ नाही, ‘ट’ नाही, आपला ‘ड’सुद्धा नाही. त्यामुळे पेप्सीची होते ‘बिब्सी’, वडापावाचा ‘वदाबाव’, आणि व्हिसाच्या कागदांवर आपले पाटील होतात ‘बातील’! हसू नका. ‘रद्दबातल’मधला ‘बातल’ मूळचा अरबीच, अर्थ तोच. घाबरू नका हो पाटील, दोन्हींतला ‘त’ वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. म्हणून तर नावाच्या स्पेलिंगवर अनुवादक इतका अडून बसतो.

‘ग’ची तऱ्हा तर विचारूच नका. ‘गुगल’ इजिप्तमध्ये एका अक्षरानं, सौदीत दुसऱ्या, लेबनॉनकडे तिसऱ्याच. शोधायचं कशात? गुगलमध्ये. पण कुठल्या?

जानेवारी कितीदा येतो? वर्षातून एकदाच ना? अरबीत तीन! कैरो आणि आखातात तो ‘यनायर’, इराक-सीरियात ‘कानून अस्सानी’, तर अल्जीरिया-ट्युनिशियात फ्रेंच वळणाचा ‘जान्फी’. तारीख-पे-तारीख म्हणतात ती हीच. करार बगदादला जाणार की ट्युनिसला, हे न विचारता डिलिव्हरीची तारीख टाकणारा अनुवादक एक तर नवखा, नाही तर भलताच बिनधास्त.

‘तुम्हाला ३ मेसेज आले आहेत’ हे वाक्य सोपं वाटतं? सॉफ्टवेअरवाल्यांच्या हिशेबात मराठीला अशा वाक्याची दोन रूपं पुरतात. अरबीला सहा! शून्याचं वेगळं, एकाचं वेगळं, दोनाचं खास (संस्कृतचं द्विवचन आठवतंय का?), तीन ते दहाचं आणखी एक, अकरा ते नव्व्याण्णवचं पुढचं, शंभराचं निराळंच. शॉपिंग कार्टमध्ये वस्तू टाकली की व्याकरण बदलतं!

बरं, करार दोन भाषांत केला आणि इंग्रजी-अरबी मजकुरात फरक पडला तर? संयुक्त अरब अमिरातीच्या न्यायालयात सहसा अरबी मजकूर जिंकतो. मग तुमचं इंग्रजी शेक्सपिअरच्या तोडीचं का असेना! तिथं न्यायालयात कागद न्यायचा तर न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या अनुवादकाचा शिक्का हवा. नातेवाईकांतला ‘थोडं अरबी येतं’वाला भाऊ चालत नाही. मात्र अबुधाबीत २०१९ साली कामगार खटल्यांसाठी अरबी-इंग्रजीसोबत एक तिसरी भाषा आली. कुठली? हिंदी!

एक मिनी-टेस्ट घ्या. ‘मालकाने वकिलामार्फत अर्ज केला, कर्जाची मुदत वाढवली आणि नफ्याची रक्कम वसूल केली.’ शुद्ध मराठी ना? मालक, वकील, मार्फत, अर्ज, कर्ज, मुदत, नफा, रक्कम, वसूल... हे नऊच्या नऊ शब्द मुळात अरबी, बहुतेक फारसीमार्गे आपल्याकडे उतरलेले. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ रचून असे पाहुणे हटवायचा जंगी प्रयत्न झाला. बाकीचे हलले असतील, बाजारपेठेतले मात्र गल्ल्यावर ठाण मांडून बसले.

प्रूफरीडर न नेमण्याचा खर्च किती? ‘होमलँड’ या अमेरिकी मालिकेला विचारा. २०१५ साली निर्वासितांच्या छावणीचा सेट ‘खरा’ दिसावा म्हणून भिंतींवर अरबी लिहायला कलाकार बोलावले. त्यांनी रंगवलं काय, तर ‘होमलँड वर्णद्वेषी आहे’! शूटिंग झालं, एडिटिंग झालं, एपिसोड जगभर गेला. कुण्णी वाचलंच नाही.

उलट चाल बघा. तुर्कस्तानात यथातथाच चाललेली एक मालिका २००८ मध्ये ‘नूर’ या नावानं अरबीत आली. डबिंग पुस्तकी भाषेत नव्हतं, घरगुती सीरियन बोलीत होतं. अख्खं अरबजगत टीव्हीला चिकटलं, आणि अरब पर्यटक इस्तंबूलला लोटले. करारात प्रमाण अरबी, जाहिरातीत बोली, हे गणित धंदेवाल्यांना तेव्हा पक्कं कळलं.

आणि रेटचं काय? आजचा अनुवादक शब्दांवर पैसे लावतो. नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाकनं ग्रीक वैद्यकाची पुस्तकं अरबीत आणली, तेव्हा म्हणे पुस्तकाच्या वजनाइतकं नाणं मिळायचं. जुन्या चरित्रकारानं पुढचंही नोंदवलंय: हुनैनच्या प्रतींचा कागद जाडजूड, अक्षर मोठं, आणि ओळींमध्ये ऐसपैस जागा!